मेल्याचं सोंग घेणारं बटण

जंगलात नुकतंच इंटरनेट आलं होतं, तेव्हाची गोष्ट. तळ्यात डुंबायला जागा हवी तर फॉर्म भरावा लागे. पण ब्राउझर होता कासव. उत्तराला उशीर झाला की म्हशी 'पाठवा' बटण दाबतच सुटायच्या आणि एकीच्याच नावावर अख्खं तळं व्हायचं.

"आज गोंधळ झाला तर तुला उपटून टाकीन," तळं सांभाळणाऱ्या मगरीने बटणाला दम दिला.

चंपी म्हशीने बटण दाबलं. बटणाने अर्ज कासवाच्या पाठीवर ठेवला आणि लगेच राखाडी पडून मेल्याचं सोंग घेतलं. चंपीने पुन्हा दाबलं, शिंगाने ढोसलं, मग रडायलाच लागली. "अगं बाई, मारलं की मी याला."

जंगल सुतकात बसलं. मगरीने भाषणही ठोकलं.

तेवढ्यात कासव उत्तर घेऊन परतलं. एकच अर्ज, एकच जागा.

बटण उठून बसलं. "पुढची म्हैस कोण?"