केरबाचं घड्याळ आणि गेनबाची अक्कल

एका गावात एक भोळा गेनबा राहत होता. भोळा हे आपलं चारचौघांत म्हणायचं. घरात त्याला ठार येडा म्हणत, आणि घरच्यांचं काही चुकत नव्हतं. गेनबाला एखादी गोष्ट सांगितली की तो ती जन्मात विसरत नसे. फक्त ती कुठं वापरायची, ते त्याला कुणी सांगितलेलं नसे.

त्याचा चुलता केरबा बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात घड्याळ लावायचा. गाडा सुटला की बटण दाबायचं, निशाणाला पोचला की पुन्हा दाबायचं आणि किती सेकंद झाले ते ओरडून सांगायचं. केरबा वारला आणि ते मनगटी घड्याळ गेनबाकडं आलं. मोठ्या तबकडीत दोन चिमुकल्या तबकड्या, चावीच्या खाली-वर दोन बटणं.

गावच्या यात्रेत ते पुण्याच्या मेहेंदळ्यांनी पाहिलं. मेहेंदळ्यांना जुनी घड्याळं जमवायचा नाद. त्यांनी गेनबाचा हात असा काही धरला, की लोकांना वाटलं डॉक्टर नाडी बघतायत.

"अहो, हे घड्याळ मी पंधरा वर्षं शोधतोय! उभ्या देशात चार-दोन असतील. मला विकाल का?"

गेनबाची बायको ठकू मागंच उभी होती. "केवढ्याला?" तिनं विचारलं. मेहेंदळ्यांनी आकडा सांगितला आणि ठकूनं तो दोनदा वदवून घेतला. तेवढ्या पैशांत एक चांगली दुभती म्हैस येत होती! अकरा वर्षं ठकू शेजारच्या चिमाबाईकडून दूध घेत होती. दुधात निम्मं पाणी, आणि वर चिमाबाईचे टोमणे फुकट. आपल्या दारात आपली म्हैस असावी, यापलीकडं तिनं देवाकडं काही मागितलं नव्हतं.

मेहेंदळ्यांनी रविवारी घरी यायचं ठरलं. रविवारी सकाळी ठकू म्हणाली, "पाव्हणे यायचेत. सगळं घासूनपुसून लख्ख करा." आणि ती पाण्याला गेली.

गेनबानं सगळं म्हणजे सगळं घासलं. तांब्या घासला, परात घासली, घड्याळ घासलं. राख, चिंच आणि नारळाची शेंडी.

मेहेंदळ्यांनी घड्याळ पाहून कपाळावर हात मारला. "अहो, हे काय केलंत? जुन्या वस्तूचा मळ हीच तिची किंमत! डाग, ओरखडे, सगळं जसंच्या तसं हवं. जितकं जुनं, जितकं मळकं, तितकं मोलाचं. आतलं शाबूत आहे म्हणून बरं!"

"समजलं," गेनबा म्हणाला. तो समजलं म्हणाला की ठकू देवाला हात जोडायची.

गेनबा आत गेला आणि साहेबांसाठी चहा घेऊन आला. कपाला आत मागच्या शिमग्यापासूनचे थर होते.

"खास तुमच्यासाठी फडताळामागनं काढलाय, साहेब. धुतला नाय. लई मोलाचा हाय."

मेहेंदळे म्हणाले, मी आजपासून चहा सोडला. मग घाईघाईनं कामाचं बोलले. "हा पट्टा मागाहून बसवलाय, तो काढून टाका. मागाहून बसवलेलं काही नको, मूळचं तेवढंच राहू द्या. गुरुवारी पैसे घेऊन येतो. तोवर घड्याळाला हवा-पाणी लागू देऊ नका."

"समजलं."

गेनबानं पट्टा काढून टाकला. मग तो घरात मागाहून बसवलेलं आणखी काय आहे ते हुडकू लागला. ओसरीवर त्याची सासू, ठकूची आई, झोपली होती आणि उशाशी वाटीत तिची कवळी होती. गेनबानं कवळी उकिरड्यावर भिरकावली. एका कुत्र्यानं ती तोंडात धरली आणि ते गावभर हसत हिंडलं.

सासू उठली, वाटी चाचपली आणि बोंब ठोकली. गेनबा म्हणाला, "आई, मूळचं तेवढंच राहू द्या."

मूळचं काहीच नव्हतं, हे सासूनं त्याला तोंड उघडून दाखवलं.

ठकू त्याला काय काय बोलली ते लेकरांपुढं सांगण्यासारखं नाही. रागारागात ती लोणचं घालायला बसली. "आणि या बरणीला हात लावाल तर बघा! हवा-पाणी लागलं की नासतंय. तेलात बुडालेलं असलं की वरीसभर काय होत नाय."

"समजलं."

गुरुवारी मेहेंदळे आले. "घड्याळ कुठाय?"

गेनबानं बरणी पुढं ठेवली. "हवा नाय, पाणी नाय."

मेहेंदळ्यांनी पळीनं चार फोडी बाहेर काढल्या. पाचवं घड्याळ निघालं. काटे थांबलेले, बटणाच्या फटीत मोहरी आणि सगळीकडं हिंगाचा वास. मेहेंदळे ढसाढसा रडले. म्हैस हातची गेली म्हणून ठकू रडली. गेनबाला वाटलं तिखट डोळ्यांत गेलं असेल, म्हणून त्यानं दोघांना पाणी दिलं.

शेवटी मेहेंदळ्यांनी डोळे पुसले, भिंगातून तबकडी पाहिली आणि सुस्कारा टाकला. "तरी घेतो मी. वस्तू अस्सल आहे. अस्सल वस्तू बंद पडलेली असली तरी हरकत नाही. कुणीतरी खटपट करून दुरुस्त केली, की मात्र किंमत गेली." आणि त्यांनी ठरलेले पैसे ठकूच्या हातावर ठेवले.

"समजलं," गेनबा म्हणाला. पण आनंदाच्या भरात ठकूनं ते ऐकलंच नाही.

शनिवारी गुरांचा बाजार. पण त्याच दिवशी सासूला नव्या कवळीचं माप द्यायला तालुक्याला न्यायचं होतं. बिचारी रविवारपासून नुसत्या पेजेवर होती. म्हणून बाजाराला गेनबा एकटा गेला.

"चांगली बघून घ्या हं," ठकू म्हणाली.

"चांगली कशी असती ते मला सायबानी शिकवलंय."

संध्याकाळी सगळी आळी दारात जमली. चिमाबाई सगळ्यांत पुढं. ठकूनं भाकरतुकडा ओवाळायला घेतला होता. कोपऱ्यावरून गेनबा आला, आणि त्याच्यामागून हळूहळू म्हैस आली. एक शिंग मोडकं, शेपटीला केस नाहीत, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, आणि अंगावर चिखलाची इतकी पुटं, की खाली म्हैसच आहे हे गेनबाच्या शब्दावर मानायचं.

ठकूच्या हातातला तुकडा खाली पडला. "आवं, ही काय आणलीत?"

"बाजारातली सगळ्यात जुनी!" गेनबा छाती काढून म्हणाला. "एक म्हस नुकती व्यालेली हुती. अंग कसं चकचकीत! मी म्हटलं, हिला घासलीय, मला काय येडा समजता? मग ही दिसली. ओरखडे बघ, डाग बघ. यापारी पाणी मारायला निघाला हुता, मी हात धरला त्याचा."

"केवढ्याला घेतली?"

"तो लई कमी सांगत हुता. त्याला वस्तूची पारखच नाय! मी सगळं पैसं दिलं."

ठकू वाकून म्हशीची कास बघू लागली. "आवं, दूध तरी देती का?"

"न्हाई, बंद पडलीय. सात वर्सं झाली," गेनबा म्हणाला. "पण अस्सल हाय. सायबाला निरोप धाडलाय, आणखी एक वस्तू घावलीय म्हणून. रविवारी येत्याल. तवर हिला कुणी धुऊ नगा!"