निवृत्तीनं यान उतरवलं

एका तालुक्याच्या गावात एक भोळा इंजिनियर होता. म्हणजे अजून शिकत होता. भोळेपणात मात्र केव्हाच पास झाला होता. नाव निवृत्ती. मार्क शहाण्णव टक्के, कारण पुस्तकातला स्वल्पविरामसुद्धा तो पाठ करायचा.

त्याच्या कॉलेजातल्या कुलथे मॅडम चंद्रावर उतरणारं छोटं यान बनवत होत्या. पाच वर्षं खपल्या होत्या. परीक्षकांसमोर यान मैदानात स्वतःच्या अकलेनं उतरलं तर रॉकेटवर जागा, नाही तर भंगारात. आणि यानात ही अक्कल भरायचं काम कुणाकडे? निवृत्तीकडे! शहाण्णव टक्के ना!

"यानाला दगड दाखव," मॅडम म्हणाल्या. "दगड दिसला की तिथं उतरायचं नाही."

निवृत्तीनं घरचा पाटा आणला आणि आठवडाभर कॅमेऱ्यापुढं धरला. चाचणीत यानानं पाटा बरोबर चुकवला आणि शेजारच्या धोंड्यावर उतरून पाय मोडून घेतला.

"अरे ठोंब्या, एक दाखवून भागतं का? हजार वेगवेगळे दाखवायचे!"

"बरं मॅडम. आता चुकायचं नाही."

मग उतरायची जागा दाखवायची होती. मैदानात चुन्याचं वर्तुळ आखलेलं होतं. निवृत्तीनं हजार वेगवेगळ्या जागा दाखवल्या. यान उडालं ते थेट मेसच्या आमटीत उतरलं.

"जागा एकच असते रे! एकदा ठरली की कुणी कितीही ओरडो, ऐकायचं नाही!"

"बरं मॅडम. आता चुकायचं नाही."

मग यानाला 'थांब' हा हुकूम शिकवायचा होता. निवृत्तीनं शिकवलं : कुणी कितीही ओरडो, ऐकायचं नाही. प्राचार्य वाघचौरे वर्तुळात नारळ फोडायला वाकले. यान खाली येऊ लागलं. सगळं कॉलेज "थांब, थांब" ओरडलं. यान सावकाश प्राचार्यांच्या पाठीवर बसलं आणि 'सुखरूप उतरलो' असं कळवून मोकळं झालं.

"यापुढं," प्राचार्य कंबर शेकत गरजले, "माझ्या लेखी परवानगीशिवाय हे उतरता कामा नये! सही आणि शिक्का!"

"बरं सर. आता चुकायचं नाही."

परीक्षेचा दिवस उजाडला. यान झोकात वर गेलं. दगड चुकवले, वर्तुळ हेरलं, नेमकं त्याच्या वर येऊन तरंगत राहिलं. परीक्षक खुर्चीतून उठले. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात निवृत्तीच्या हातातल्या रिमोटवर अक्षरं उमटली : 'उतरू का?'

बॅटरी दोन मिनिटांची उरली होती.

"हो म्हण! बटण दाब!" मॅडम किंचाळल्या.

"तोंडी चालत नाही, मॅडम." निवृत्तीनं मांडीवर कागद घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं : 'विषय : यान उतरविण्यास परवानगी मिळणेबाबत.'

प्राचार्यांनी कागद हिसकावून सही ठोकली. "दाब आता, गाढवा!"

"शिक्का राहिला, सर."

आणि रिमोट खिशात घालून तो ऑफिसकडे पळाला.

परत आला तोवर बॅटरी संपून यान खाली आपटलं होतं. मॅडम वर्तुळात बसून यानाचे तुकडे वेचत होत्या. कॅमेरा तेवढा शाबूत होता. निवृत्तीनं घाम पुसला, शिक्क्याची शाई फुंकून वाळवली आणि कागद कॅमेऱ्यापुढं धरला.

"उतर रे बाबा आता! परवानगी झाली."