दिवाणांची गंगा

सोनवळ संस्थानातलं मातीचं धरण शंभर वर्षांचं झालं होतं. एका उन्हाळ्यात त्याच्या पायथ्याशी अचानक झरा फुटला. दिवाण विंचुरे यांनी लगेच दवंडी पिटवली, "आमच्या पुण्याईने इथे गंगा प्रकटली आहे!"

भागूबाई रंगारीण तिथेच कापड धुवायची. झऱ्याचं पाणी दिवसेंदिवस गढूळ होताना तिने पाहिलं आणि दिवाणांना गाठलं. "सरकार, बांधाच्या पोटातला चिकणमातीचा गाभा वाहून चाललाय. पावसाआधी तो नव्याने भरा, नाहीतर खालचं गाव जाईल."

"गंगेला गळती म्हणतेस? सिद्ध कर, नाहीतर संस्थान सोड!"

भागूबाईने धरणात पाणी जिथे भोवरा घेत होतं, तिथे रांजणभर नीळ ओतली. दुपारपर्यंत खालची गंगा निळीशार झाली. जमलेले लोक हसू लागले. दिवाणांची मान खाली गेली.

तशी भागूबाई लोकांवर कडाडली, "हसता काय? गंगाच आहे ती! सरकारांच्या पुण्याईने धरणात आली. पण अशीच वाहत राहिली, तर ती पुण्याईही वाहून जाईल. हो ना सरकार?"

दिवाणांनी त्याच दिवशी पाणी सोडून धरण रिकामं करायला घेतलं. बांध मधोमध खणला आणि चिकणमाती थराथराने चोपून गाभा नव्याने भरला. त्या पावसाळ्यात धरण काठोकाठ भरलं, तरी पायथा कोरडा राहिला.

दिवाण स्वतः लुगडं घेऊन भागूबाईच्या दारी आले. "बाई, गाव तर तुम्ही वाचवलंतच, पण भर लोकांत माझी अब्रूही झाकलीत," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी तिला कधी एकेरी हाक मारली नाही.