गारठ्याचे महिने

त्या राज्यात ऊन संपत नसे. वर्षाचे दोनच भाग होते, एक उन्हाचा आणि दुसरा जास्त उन्हाचा. मधे थोडे दिवस पाऊस पडे, पण तोही जमिनीला टेकताच वाफ होऊन परत जाई. तिथले प्राणी पूर्वीपासून पातळ सुती कपडे वापरत. कपडा तळ्यात भिजवायचा, अंगावर टाकायचा, वाळला की पुन्हा भिजवायचा, एवढंच त्यांचं कपड्यांचं ज्ञान होतं आणि ते पुरेसं होतं.

दरवर्षी उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखातून करकोचे येत. आकाशातून जाताना ते खालून दिसत, मानेपर्यंत बटणं लावलेल्या लोकरी कोटांमध्ये. ते तळ्याच्या पलीकडच्या काठावर उतरत. पाहुण्यांना त्रास नको म्हणून तिकडे कुणी जात नसे. फक्त साळिंदर शेठ जाई, कारण त्याचं कपड्याचं दुकान होतं आणि त्याला तिकडच्या मालाची माहिती होती.

इतके शहाणे पक्षी ज्या काळात लोकर घालतात, तो काळ थंडीचाच असणार, असं राज्यातल्या जुन्या प्राण्यांनी कधीतरी ठरवलं होतं. आपल्याला थंडी वाजत नाही, याचा अर्थ आपली कातडी अडाणी आहे, असंही त्यांनी ठरवलं होतं. तेव्हापासून करकोचे यायच्या सुमारास गारठ्याचे महिने सुरू होत. त्याची घोषणा घोरपडबाई करी. ती राज्याची प्रमुख होती आणि भर दुपारी तापलेल्या खडकावर कोट घालून बसे. घोरपडीचं रक्त थंड असतं. तिला उन्हात खरंच बरं वाटे, त्यामुळे तिच्या बोलण्यात खोटं असं काही नव्हतं.

घोषणा झाली की साळिंदर शेठ सगळं सुती कापड पोत्यांत भरून माळ्यावर टाकी आणि खाली लोकरी कोट टांगी. प्रत्येक कोटाच्या कॉलरच्या शिवणीत एखादं राखाडी पीस अडकलेलं असे. ती अस्सल मालाची खूण मानली जाई. पीस नसलेला कोट कुणी घेत नसे.

त्या महिन्यांत एकमेकांना भेटल्यावर "गारठा फार" म्हणायचं आणि समोरच्याने "हो ना, हाडं गोठली" म्हणायचं, अशी रीत होती. घामाला दव म्हणत. "तुमच्या कपाळावर दव पडलंय," असं सांगून शेजारी शेजाऱ्याला रुमाल देई.

या राज्यात भोरी नावाची एक म्हैस आणि तिची मुलगी चांदवी राहत. चांदवी ऐन वयात आलेली वगार होती आणि तिच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका होता. भोरी काळी, रुंद आणि सावकाश होती. तिची अडचण अशी होती की तिच्या कातडीला दव येत नसे. आतली उष्णता आतच राही. एरवी ती तळ्यात डुंबून राही, पण गारठ्याच्या महिन्यांत तळं पाहुण्यांसाठी स्वच्छ ठेवायचं म्हणून त्याला वेलींचा दोर बांधलेला असे. मग तिच्यापाशी एकच उपाय उरे. तिची एक मलमलीची ओढणी होती. ओढ्याच्या उरल्यासुरल्या पाण्यात भिजवून ती पाठीवर घेई. इतर प्राणी तिच्याकडे न पाहिल्यासारखं करत आणि नंतर तिच्याबद्दल बोलत.

त्या वर्षी ओढणी पाठीच्या कण्यावर फाटली. भोरी चांदवीला घेऊन दुकानात गेली.

"सुतीचा सीझन संपला, मावशी," साळिंदर शेठ म्हणाला.

"पण ऊन आहे की अजून."

"ऊन असेल. सीझन नाही."

भोरीने मान वर केली. माळ्यावरच्या पोत्याच्या तोंडातून पांढऱ्या कापडाचं एक टोक लोंबत होतं. "ते काय आहे मग?"

"ते उन्हाळ्याचं आहे."

"आणि हा कोणता चालू आहे?"

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. ती हसली. एक बोकड म्हणाला, "शेठ, मावशींना दिनदर्शिका द्या एखादी," आणि पुन्हा हसू झालं. चांदवी बटणांच्या ताटलीकडे अशी बघत राहिली, जणू ती दुकानात एकटीच आली होती.

त्या वर्षी एक नवी गोष्ट ठरली होती. पाहुण्यांना अलीकडच्या काठावर बोलावून सर्वांसमोर त्यांचं स्वागत करायचं होतं. पहिल्या रांगेत कमळ घेऊन उभं राहायला घोरपडबाईने चांदवीला निवडलं, तिच्या कपाळावरच्या ठिपक्यासाठी. तिला राखाडी कोट मिळाला. त्याच्या कॉलरमधलं पीस इतरांपेक्षा मोठं होतं. चांदवी ते सारखं नीट करी.

रांगेच्या सरावाच्या दिवशी भोरी मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली. तिच्या पाठीवर ओली ओढणी होती आणि फटीतून काळा कणा दिसत होता. चांदवीच्या शेजारी शेरडी नावाची एक तरुण शेळी होती. तिने विचारलं, "अगं, ती कोण गं, ओल्या फडक्यातली? तुझ्याकडेच बघतेय."

"ती होय," चांदवी म्हणाली. "आमच्याकडे पाणी भरते."

तिने ते हळू म्हटलं होतं. पण म्हशींचे कान मोठे असतात. भोरी थोडा वेळ तशीच उभी राहिली, कारण लगेच निघाली असती तर तिला ऐकू आलं हे चांदवीला कळलं असतं. मग ती गेली.

ती साळिंदर शेठकडे गेली आणि ओढणी देऊन कोट मागितला. तिच्या मापाचा कोट नव्हता. जो होता तो पोटावर पुरत नव्हता. साळिंदराने आपल्या पाठीचा एक काटा उपटला आणि बटणाऐवजी तो टोचून कोट बंद केला. "आता शोभताय, मावशी," तो म्हणाला. ओढणीची त्याने चौकोनी घडी घातली आणि दुकानाच्या दारात पाय पुसायला टाकली.

स्वागताच्या सकाळी सगळेच आपापल्या कोटाची बटणं पक्की करून घ्यायला दुकानात जात होते. चांदवी दाराशी आली आणि थांबली. घडीच्या कडेला फाटलेलं टोक दिसत होतं. ते तिने ओळखलं. "पूस ना पाय," मागून शेरडी म्हणाली, "आत चिखल नेऊ नकोस." चांदवीने पाय पुसला.

दुपारी मैदानात रांगा लागल्या. कोटांच्या बाह्यांमधून दव टपकत होतं. "गारठा फार." "हो ना, हाडं गोठली." भोरी आली तेव्हा चांदवीला आधी बरं वाटलं, कारण तिच्या अंगावर कोट होता. आपल्याला बरं वाटलं हे मग तिच्या लक्षात आलं, आणि तिने हातातल्या कमळाकडे पाहिलं.

मागच्या रांगेकडे जाताना भोरी तिच्यासमोर थांबली. शेरडी ऐकत होती.

"गारठा फार पडलाय, बाईसाहेब," भोरी म्हणाली. पाणी भरणारीने जसं म्हणावं, तसं.

चांदवीने उत्तर दिलं नसतं तर बरं झालं असतं. पण रीत होती. ती म्हणाली, "हो ना."

मग करकोचे उतरले. जमिनीला पाय लागताच, कमळाकडेही न बघता, त्यांनी भराभर बटणं काढली आणि भुईमुगाची टरफलं टाकावीत तसे कोट एका ढिगात टाकून दिले. त्यांचे उघडे राखाडी पंख वाऱ्यावर पसरले. काही पिसं गळून ढिगावर पडली.

"हुश्श," सर्वांत म्हातारा करकोचा म्हणाला. "या उबेसाठीच तर एवढे डोंगर ओलांडायचे." मग त्याने समोरच्या रांगा पाहिल्या. त्याने नीट पाहिलं, आणि काळजीने विचारलं, "आम्ही आत्ताच आलो, आणि तुम्ही सगळे कुठे निघालात?"

घोरपडबाईची मान खाली गेली. साळिंदर शेठ सवयीने ढिगाकडे चालला होता. सगळे बघताहेत हे पाहून तो अर्ध्या वाटेत थांबला आणि ढिगाकडे पाठ करून उभा राहिला. चांदवीने कॉलरमधल्या पिसाला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

तेवढ्यात मागच्या रांगेत भोरी पडली.

तिचे पाय थरथरत होते. डोळे वर गेले होते. जवळचे प्राणी धावले. "थंडी भरली!" कुणीतरी ओरडलं. "कुडकुडतेय बघा. आणखी एक कोट आणा." एकाने ढिगातला कोट आणून तिच्यावर टाकला, दुसऱ्याने त्यावर दुसरा. ते मनापासून मदत करत होते. बोकड तर स्वतःचा कोट काढून द्यायला तयार होता, पण घोरपडबाईकडे बघून त्याने पुन्हा बटण लावलं.

"तिला उकडतंय!"

तो शब्द त्या महिन्यांत कुणी उच्चारत नसे. प्राणी बाजूला झाले ते त्या शब्दापासून. ओरडली होती ती चांदवी. तिने कमळ टाकलं होतं. तिने कोट ओढून काढले, साळिंदराचा काटा दातात धरून उपटला, आईच्या पोटावरची लोकर मोकळी केली आणि सगळं ढिगावर भिरकावलं. "पातळ कपडा द्या," ती म्हणाली. "शेठ, माळ्यावर आहे."

"सीझन..." साळिंदर शेठ पुटपुटला. पुढचं त्यालाही बोलवलं नाही. पण तो हललाही नाही.

चांदवी धावत दुकानाकडे गेली आणि दारातली घडी उचलून आणली. तळ्याचा दोर तिच्या छातीला अडला, ताणला आणि तुटला. तिने ओढणी भिजवून भोरीच्या पाठीवर पसरली. कपडा लहान होता आणि पाठ फार तापली होती. तो लगेच वाळू लागला. मग ती तोंडात पाणी घेऊन येऊ लागली. तळ्यापाशी, पुन्हा भोरीपाशी, पुन्हा तळ्यापाशी. सगळं राज्य कोट घालून बघत होतं. म्हातारा करकोचा जवळ आला.

"तुझी कोण ही?" त्याने विचारलं.

शेरडी तिथेच होती. भोरीने डोळे किलकिले केले आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं. चांदवीच्या तोंडात पाणी होतं. तिने ते आधी ओढणीवर सोडलं.

"आई," ती म्हणाली, आणि पुन्हा तळ्याकडे गेली.

मागे ढीग उचलला जाऊ लागला. साळिंदर शेठ एकेक कोट झटकून टोपलीत भरत होता, पोटावर काट्याचं भोक पडलेलाही, आणि तो टोपलीत टाकण्याआधी त्याने खाली पडलेलं एक पीस त्याच्या कॉलरच्या शिवणीत खोचलं.

ओल्या ओढणीवर सगळ्या राज्याच्या पायांचे ठसे उठले होते. पंजे होते, नखं होती, खूर होते. कण्यावर, फाटलेल्या जागेच्या अगदी शेजारी, दुभंगलेल्या खुराचा एक ठसा होता. चांदवीने आपला पाय उचलून त्याच्याजवळ नेला आणि पुन्हा खाली ठेवला. तिने त्यावर पाणी सोडलं. आणखी आणलं, आणखी सोडलं. भोरीचा श्वास हळूहळू खोल होत गेला, आणि दर श्वासाला तो ठसा वर येई आणि खाली जाई.