शेवाळी रंगाचे दोन तुकडे

“सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी, माई! घड्याळात बघितलं मी. तेव्हाच जाऊबाईंनी रंगाचा डबा बदलला असणार ना?”

हर्षलानं कडेवरचं बाळ सावरलं आणि काखेतले प्लायवूडचे दोन तुकडे माईंपुढे टाकले. लग्नाआधीपासून ती या टेकडीवरच्या मठीत यायची. आज नमस्कारही विसरली. डोकं नुसतं मोहोळासारखं घोंगावत होतं.

माई डाळिंब्या सोलत होत्या. हात पाण्याच्या पातेल्यात, नजर तुकड्यांवर.

रंगाऱ्यानं दिलेले नमुने. दोन्ही शेवाळी, दोन्ही काळपट, राखेची झाक असलेले. एक जरासा उजळ. दुसरा म्हणजे त्याच शेवाळावर ढग आलेला.

“मी उजळ पसंत केला. जाऊबाईंचं एकच, गडद घे, डाग दिसत नाहीत. आणि आठ वीसला दारात त्या रंगाऱ्याशी हसत होत्या. आलं घालून चहा दिला त्याला! मला कधी आलं घातलं नाही.”

“मग?”

“मग नऊला बघते तर भिंत गडद! खोलीची विहीर झाली, माई. रंगारी म्हणतो, ताई, हाच तुमचा. सामील आहे मेला.”

“आणि जाऊ काय म्हणते?”

“म्हणते, मला काय माहीत!” हर्षलाचा आवाज खाली आला. “जी डबा बदलते, ती बाळाच्या दुधात काय घालेल... तेव्हापासून हात लावू दिला नाही मी. रडतंय तिच्यासाठी. रडू दे. संध्याकाळी हे आले की वेगळी चूल मागणार.”

बाळ हुंदके देत होतं.

“आण इकडे.” माईंनी हात पुढे केले.

हर्षला एक पाऊल मागे सरली.

...

तिचं तिलाच कळलं. ओशाळली. पण बाळ दिलं नाही.

माईंनी हात मागे घेतले नाहीत. ओला अंगठा तसाच उजळ तुकड्यावर टेकवला. उचलला.

गडद ठसा.

हर्षलानं दुसरा तुकडा शेजारी धरला. पुन्हा धरला, उजेडाकडे वळून... तोच रंग.

माई डाळिंब्या सोलू लागल्या. ठसा कडेनं फिका होत आला. मग दिसेनासा झाला.

“म्हणजे... जाऊबाईंनी नाही बदलला?”

“मला काय माहीत?”

हर्षलानं हातातला तुकडा खाली ठेवला. बाळानं तिच्या खांद्यावर नाक पुसलं.

“मग संध्याकाळी यांना काय सांगू, माई?”

“यांनाच का? घरात सगळ्यांना सांग. भिंत ओली आहे म्हणावं, हात लावू नका.”