आज नको, उद्या ओता

नदीकाठच्या एका गावात भिवाजी नावाचा ओतारी राहत असे. कांसं वितळवून घंटा ओतणं हा त्याचा पिढीजात धंदा. त्याच्या घंटेचा आवाज वाऱ्याविरुद्धही जातो, असं लोक म्हणत.

त्या घराण्यात एक रीत होती. मातीत कोंडा मळायचा, मेणाच्या घंटेवर ती माती थापायची, साचा मंद धगीवर शेकून आतलं मेण काढून टाकायचं, मग तो उन्हात फिरवत वाळवायचा, ही सगळी अंगणातली कामं बायकांची. धातूचा रस मात्र भट्टीच्या खोपटात ओतायचा, आणि तिथं बाईनं पाऊल टाकायचं नाही. बाई आत आली की घंटा मुकी होते, असं वाडवडील सांगून गेले होते. अंगणातल्या कामाला कोणी कारागिरी म्हणत नसे. नुसता हातभार म्हणत.

भिवाजीची बायको येसू मोठी गुणाची. खोड एकच. ऐन ओतायच्या दिवशी कधीकधी तिचं काहीतरी निघे. "अहो, माझं डोकं दुखतंय. आज नको, उद्या ओता." कधी मांजर आडवं जाई, कधी माहेरचं माणूस यायचं असे. भिवाजी कुरकुर करी, पण तिचं मन मोडत नसे.

"याची भट्टी बायकोच्या डोक्यावर चालते," असं त्याचा थोरला भाऊ रामोजी चारचौघांत म्हणे. भिवाजी हसून सोडून देई.

एका उन्हाळ्यात येसू तापानं गेली. मागं राहिली त्यांची मुलगी सारजा.

त्यानंतर ओतायचा दिवस कधी पुढं ढकलला गेला नाही. ठरल्या वेळी भट्टी पेटे, ठरल्या वेळी रस पडे, आणि घंटा बद्द निघे. बाहेरून चकचकीत, आतून फोडांनी पोखरलेली. दुःखानं याचा हात गेला, असं लोक म्हणू लागले. भिवाजीलाही तसंच वाटे.

आदल्या हिवाळ्यात एक नाव धुक्यात काठ चुकून खडकावर आपटली होती. म्हणून गावानं घाटावर मोठी घंटा टांगायचं ठरवलं. घरोघरची फुटकी भांडी गोळा झाली. भिवाजीनं घंटा ओतली. बद्द. ती वितळवून पुन्हा ओतली. पुन्हा बद्द.

पाटील म्हणाले, "भिवाजी, धुक्याचे दिवस आले. या खेपेला साधलं तर ठीक, नाहीतर धातू दुसऱ्या गावच्या ओताऱ्याला द्यावा लागेल. राग मानू नकोस."

वितळवताना थोडा धातू जळतो. आता तो कमी पडत होता. भिवाजीनं फडताळातून येसूची काशाची वाटी काढली. तो दमून आला की याच वाटीनं ती त्याचे तळपाय घाशी. वाटी त्यानं थोडा वेळ हातात धरली, मग धातू वितळवायच्या मुशीजवळ ठेवली.

सकाळी भट्टी पेटली. रामोजीही आला. भिवाजी साचा उचलायला अंगणात गेला, तर सारजा साच्याला कान लावून बसलेली. तिनं नखानं टिचकी मारली, ऐकलं, आणि म्हणाली, "आबा, आज नको. उद्या ओता."

भिवाजी जागच्या जागी थबकला.

"का गं? तुझंही डोकं दुखतंय?"

"नाही. साच्याच्या पोटात ओल आहे. रस पडला की तिची वाफ होते आणि फोड धरतात. आई टिचकी मारून ओळखायची." तिनं साच्यावर तळहात ठेवला. "आबा, आईचं डोकं कधीच दुखत नव्हतं."

भिवाजी साच्याशेजारी खालीच बसला.

"मग तिनं तसं का नाही सांगितलं?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

डोकं दुखतंय म्हटल्यावर तो ऐकत आला होता. साचा ओला आहे म्हटलं असतं तर? उत्तर त्याला ठाऊक होतं.

"आणि तू? याआधी का बोलली नाहीस?"

"आले होते सांगायला. थोरले काका म्हणाले, भट्टीचं बोलणं पोरींचं नव्हे."

रामोजी उसळून म्हणाला, "भिवा, पोरीच्या टिचकीवर भट्टी विझवणार? गाव हसेल!"

"हसू दे, दादा. माझी भट्टी बायकोच्या डोक्यावर चालते, हे तूच सांगत होतास. खरं होतं ते."

त्यानं भट्टी विझवली. साचा रात्रभर शेणकुटांच्या धगीत राहिला.

दुसऱ्या दिवशी साचा खोपटातल्या खड्ड्यात उभा केला. रस तयार झाला. मूस उचलता उचलता भिवाजी थांबला. खड्ड्यातली ओल साच्यानं पुन्हा ओढली असेल तर? ते आतल्या कोणाला कळणार?

"सारजा," त्यानं हाक मारली, "आत ये."

"अरे, घंटा मुकी होईल!" रामोजी ओरडला.

"येसू कधी आत आली नाही, दादा. ही पण नाही. मग मागच्या दोन घंटा कशानं मुक्या झाल्या?"

सारजा उंबरठ्याशी घुटमळली. मग आत आली. वाकून तिनं टिचकी मारली, ऐकलं. भिवाजीनं येसूची वाटी तिच्या हातात दिली. तिनंच ती मुशीत सोडली.

"ओता, आबा."

धुक्याच्या पहिल्याच सकाळी घाटावरची घंटा घुमली. नदीत चाचपडणारी नाव आवाजाच्या रोखानं वळली आणि सुखरूप काठाला लागली. पाटील स्वतः भिवाजीच्या दारी आले.

"भिवाजी, तुझा हात परत आला!"

"हात इथंच होता, पाटील," भिवाजी म्हणाला. "कान गेला होता."

आत खोपटात कोणीतरी नव्या साच्यावर टिचकी मारून पाहत होतं.

तात्पर्य: शास्त्र असो की कारागिरी, जिथं जाणत्या बाईला सबब सांगून बोलावं लागतं, तिथली विद्या अर्धीच असते. मुलीला दाराबाहेर ठेवलं की तिच्याबरोबर ज्ञानही बाहेर राहतं.