हात सुटला ती जागा

“बाबा, तुम्ही अजून इथंच? नकाशा मिळाला नाही का?”

इलियासनं दारातूनच विचारलं. आवाजात काळजी होती, रागही होता.

नियामत फकीर चुलीत काटक्या सारत होते.

“मिळाला की. कागद चांगला जाड आहे. खिडकीला लावलाय, वारा थांबला.”

इलियासचा चेहरा उतरला. तो नकाशा त्यानंच काढला होता.

खिंडीपलीकडं लढाई पेटली, तसा हा सारा मुलूख रिकामा करायचा हुकूम निघाला. कुणी कोणत्या वाटेनं बाहेर पडायचं हे लोकांना कळावं म्हणून राजधानीत नकाशे छापले गेले आणि घरोघर वाटले गेले. इलियास तिथल्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होता. अक्षरं मात्र तो लहानपणी याच तकियात, फकिराच्या या झोपडीत, त्यांच्यापाशीच राखेत बोट फिरवून शिकला होता.

त्यानं खिडकीवरचा कागद काढला, जमिनीवर पसरला.

“हे बघा. मुलखाचे गट पाडलेत. प्रत्येक गटाला आकडा, आकड्यापासून बाण. बाण धरून चालत राहायचं, की आली छावणी. फालतू काही ठेवलं नाही. झाडं नाहीत, विहिरी नाहीत. शेंबड्या पोरालाही कळेल.”

फकीर वाकून पाहत राहिले. त्यांना ते चित्र खरंच आवडलं असावं.

“देखणा आहे,” ते म्हणाले. “मग ही माणसं अशी का चाललीत?”

बाहेर रस्ता माणसांनी भरला होता. गाठोडी, शेळ्या, पाठीवर घेतलेली म्हातारी माणसं. बरेच जण बाहेर निघाले होते. पण कितीतरी जण उलटे, आत चालले होते.

“अडाणी आहेत,” इलियास चिडून म्हणाला. “बाण बाहेर दाखवतोय, आणि कुणी बहिणीला शोधायला आत जातंय, कुणी बापाला. मी काय करू?”

“हं…”

चुलीतली काटकी तडतडली.

“तुझी अम्मा पोचली छावणीत?”

नकाशाचा मुडपलेला कोपरा इलियास अंगठ्यानं सरळ करत बसला.

“नाही,” तो शेवटी म्हणाला. “तिच्या घरावर लाल खूण करून मी स्वतः नकाशा धाडला होता. घराला कुलूप आहे असं शिपायानं सांगितलं, म्हणजे निघाली. मग गेली कुठं? फोन बंद. साऱ्या छावण्या पालथ्या घातल्या. तिच्यासारखी ओढणी दिसली की धावतो… जवळ जातो, तर दुसरीच कुणीतरी.”

त्यानं नकाशा बाजूला सारला.

“मला माझी आई पाहिजे, बाबा.”

फकिरांनी चुलीत आणखी एक काटकी सारली. सांत्वनाचा एक शब्दही त्यांनी काढला नाही, आणि इलियासला त्याचा थोडा रागच आला.

“निदान तुम्ही तरी चला,” तो उठला. त्यानं म्हाताऱ्याचा हात धरून ओढला.

फकीर मुकाट्यानं उठले. दोघं गर्दीत शिरले.

गुरांच्या पाणी प्यायच्या दगडी डोणीपाशी एक खेचर आडवं आलं. मागून लोंढा आला. म्हाताऱ्याचा हात निसटला, का त्यानं सोडवून घेतला, कोण जाणे. धुळीत काही दिसेना. गर्दीनं इलियासला बरंच पुढं रेटत नेलं. तो ओरडला, वळला, कोपरं मारत, शिव्या खात मागं आला.

फकीर डोणीच्या कडेवर बसले होते. पाय हलवत.

“हुश्श… सापडलात!”

“कुठं शोधलंस मला?”

“कुठं म्हणजे? इथंच आलो. इथं हात सुटला होता ना.”

“नकाशा बघितलास?”

“बाबा, चेष्टा कसली करता? नकाशात कुठं—”

वाक्य तिथंच राहिलं…

लहानपणी उरुसाच्या जत्रेत शिरताना अम्मा दर वर्षी त्याचा कान धरून बजावायची. “हरवलास तर धावाधाव करायची नाही. जिथं हात सुटेल तिथंच उभं राहायचं. मी येते.” एकदा तो खरंच हरवला. बांगडीवाल्याच्या पालापाशी रडत उभा राहिला. ती आली. आधी एक चापट मारली, मग छातीशी धरलं.

आणि नोकरीसाठी त्यानं गाव सोडलं त्या सकाळी, तुतीच्या झाडाखाली बस उभी होती. खिडकीतून तिनं त्याचा हात धरला होता. बस हलली तरी सोडेना. शेवटी त्यानंच बोटं सोडवून घेतली. त्यानंतर कामं निघत गेली. गावाकडं जाणं झालंच नाही.

“तुतीखाली…” इलियास पुटपुटला. “ती तुतीखाली उभी असेल. इतके दिवस…”

त्यानं खिशातून स्वतःचा नकाशा काढून उलगडला. झाडाच्या जागी कोरा कागद होता. तिथून एक जाड बाण बाहेर निघाला होता.

फकीर डोणीतल्या पाण्यात बोटं बुडवून बसले होते.

इलियासनं कागद तसाच खिशात कोंबला आणि बाणाच्या उलट चालू लागला. चार पावलं गेला आणि थांबला.

“बाबा, तुम्ही तरी छावणीत जा. इथं गोळे पडतील. ऐका माझं… चला, उठा!”

म्हातारा जागचा हलला नाही. त्याचे डोळे रस्त्यावर लागले होते.

“तू जा, पोरा. माझाही हात इथंच सुटलाय. ज्याच्या हातून सुटला, तो इथंच यायचा.”